उघडतो छानच, पण मिटतो कसा?

"रोजच्या वापराला छोटा, एका हाताने उघडणारा घडीचा चाकू कोणता घेऊ?" माझ्या खिशाला अडकवलेली क्लिप दिसली की कुणी ना कुणी हे विचारतंच. लगेच पोलाद कोणतं, पातं किती लांब, हेही येतं. मी मात्र आधी एकच बघते: तो एका हाताने मिटतो कसा?

उघडायला हल्ली बहुतेक चाकू सोपे असतात. स्पायडर्को कंपनीने 1981 साली पात्याला गोल भोक आणि मुठीला क्लिप असलेला चाकू आणला. भोकात अंगठा टेकवून पातं फिरवायचं. कुठे भोकाऐवजी छोटं बोंड असतं, कुठे पात्याच्या बुडाशी बोटाने दाबायचा उंचवटा. यातलं बोटांना जमेल ते घ्या. पण दुसरा हात गुंतलेला असतो म्हणूनच तर आपण असा चाकू घेतो ना? दोरी ताणून धरलेली असते किंवा खोक्याला आधार दिलेला असतो. कापून झालं तरी तो हात लगेच सुटत नाही, आणि उघडं पातं या हातात तसंच राहतं.

लायनर लॉकमध्ये मुठीच्या आत एक पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती सरकून त्याच्या बुडाला टेकते आणि पातं आपोआप मिटू देत नाही. मिटताना ती अंगठ्याने बाजूला ढकलायची, म्हणजे अंगठा थेट पात्याच्या वाटेत. पट्टी ढकला, तर्जनीने पातं जरासं खाली आणा, अंगठा काढून घ्या, मगच पूर्ण मिटा. एकदा घाईत माझा अंगठा काढायचा राहिला. नखाशेजारी ती पांढरी रेघ अजून आहे. म्हणून नवख्या माणसाला मी आडव्या दांडीचं लॉक सुचवते, म्हणजे पातं अडवणारी दांडी मुठीतून आडवी जाते आणि दोन्ही बाजूंनी हाताला येते. दांडी मागे ओढली की पातं सुटतं आणि बोटं वाटेबाहेर राहतात. डावखुऱ्यांनाही तेच सोयीचं, कारण लायनर लॉकची पट्टी सहसा उजव्या अंगठ्याच्या हिशोबाने बसवलेली असते.

पातं सहा ते आठ सेंटिमीटर पुरे. जाड पातं दणकट वाटतं, पण पुठ्ठ्यात ते पाचरीसारखं अडकतं. पाठीपेक्षा धारेच्या लगेच वरचा भाग बघा. तो पातळ हवा.

पोलादाचा फार घोर लावून घेऊ नका. डी2 नावाच्या पोलादाची धार टिकते, पण त्यातल्या गंज रोखणाऱ्या सुमारे 12 टक्के क्रोमियमपैकी बरंचसं कार्बनशी बांधलं जातं, म्हणून ओल राहिली की डाग पडतात. 14सी28एन या दुसऱ्या पोलादात क्रोमियम सुमारे 14 टक्के आणि कार्बन निम्म्याहून कमी. ते गंजाला चांगलं तोंड देतं आणि धारही पटकन घेतं. हात सतत ओले असतील तर हेच.

जिथे राहता तिथला कायदा मात्र आधी बघा. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय बाळगता येतो तो 3 इंचांपर्यंतचा, लॉक नसलेला घडीचा चाकूच. आणि विमानात जाताना तो हातातल्या बॅगेत ठेवू नका.

घेतल्यावर अधूनमधून मुठीत फुंकर मारा. खिशातले धागे आत साठले की लॉक नीट बसत नाही. पातं ज्यावर फिरतं त्या खिळीला तेलाचा एक थेंब द्या, पण लायनर लॉकची पट्टी पात्याला टेकते ती जागा कोरडीच ठेवा. तिथे तेल गेलं तर पट्टी घसरू शकते.