दोरीवरचे कपडे

रविवारी दुपारी उगाचच सांगलीच्या मार्केट यार्डातून गाडी घातली. एरवी हळदीच्या पोत्यांतून वाट काढताना हमाल ‘ओ, सरका की!’ म्हणून खेकसतात. आज सौद्याच्या शेडमध्ये पोरांचं क्रिकेट चाललेलं, स्टंपच्या जागी प्लॅस्टिकचा क्रेट. हळदीचा वास तेवढा ड्यूटीवर.

मला एक खोड आहे. कुठल्याही बाजारात गेलो की मान वर करून दोरीवर कपडे वाळतायत का ते बघायचं. नरिमन पॉइंटला सुट्टीच्या दिवशी असाच फिरलो, एक बनियन दिसेल तर शपथ! समुद्रात भर घालून उभी केली ती बहुतेक ऑफिसंच, मग संध्याकाळी अख्खी गर्दी चर्चगेटकडे. लंडनच्या ‘सिटी’त, म्हणजे बँका-ऑफिसांच्या त्या छोट्या भागात, तर कामाला सहा लाखांवर माणसं येतात, आणि 2021 च्या जनगणनेत राहणारी जेमतेम 8,600. शनिवारी कॉफीवाल्यानं दुकान उघडायचं तरी कुणासाठी?

आमच्या गणपती पेठेत खाली दुकान, वर घर. आत्या तिथंच राहायची. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं गॅलरीत गाद्या टाकून झोपायचो. नऊनंतर एकेक शटर खाली यायचं आणि आत्या नुसत्या आवाजावरून सांगायची, आज कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा. खालचे काका गल्ला मोजून त्याच जिन्यानं वर जेवायला. भाजीवाल्यासाठी दोरीला बांधलेली पिशवी सोडायची, ती सुटे पैसे घालून. उरलेले परत आले की नाही, हे अख्खी गल्ली वरून बघणार. कुणाचा पोरगा रात्री किती वाजता परतला हेही. (मी एकदा सापडलोय. तो विषय नको.)

आता त्या वरच्या मजल्यांवर क्लासेस, सीएंची ऑफिसं, नाहीतर सरळ गोडाऊन. भाडं बरं येतं, आणि म्हाताऱ्या गुडघ्यांना तो उभा लाकडी जिना झेपत नाही. निम्मी पेठ विश्रामबागेकडे सरकली. दोऱ्या आहेत अजून, त्यावर फ्लेक्स.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. पेठेतली दुकानं बुडाली. वर जे थोडे राहत होते, ते आपला माल सोडून रात्रभर शेजाऱ्यांना फोन लावत होते, पायरी पायरी पाणी सांगत होते. पुढच्या वेळी हे कोण सांगणार? सीएंचं ऑफिस सहाला बंद होतं.