स्वयंसेवकांना मानधन द्यायचं ठरवलं तेव्हा: माझा अनुभव

आमचा प्रकल्प अंध आणि अल्पदृष्टी वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करतो. वाचणारे, तपासणारे, सूची करणारे, सगळे स्वयंसेवक. ध्वनिमुद्रणं चढवायचं सॉफ्टवेअर नव्याने करायचं ठरलं आणि ते वापरताना लोक नेमके कुठे अडतात हे बघायचं काम माझ्याकडे आलं. मी आधी जिथे असा युजर रिसर्च, म्हणजे वापरणाऱ्यांचा अभ्यास, केला होता तिथे त्यासाठी येणाऱ्याला मानधन द्यायचं हे ठरलेलंच असे. इथे तसा शब्द काढल्याबरोबर बैठकीचा सूर पालटला. एक ज्येष्ठ स्वयंसेविका म्हणाल्या, "अगं, आम्ही इतकी वर्षं फुकट वाचतोय, आणि आता तासाभराच्या गप्पांचे पैसे घ्यायचे?"

त्यांची भीती मला अनाठायी वाटली नाही. रक्ताचे पैसे देऊ लागलं की स्वेच्छेने देणारे मागे सरतात आणि रक्ताचा दर्जाही घसरतो, असं ब्रिटिश समाजाभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्येच मांडलं होतं. २००० साली उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात शाळकरी मुलांना देणगी गोळा करायला पाठवलं होतं. काहींना नुसतं कामाचं महत्त्व सांगितलं, काहींना गोळा होईल त्याच्या १ टक्का रक्कम वेगळी देऊ केली, काहींना १० टक्के. सगळ्यात जास्त देणगी आणली ती काहीच न मिळणाऱ्यांनी, आणि सगळ्यात कमी १ टक्केवाल्यांनी. बैठकीत हा प्रयोग मानधनाच्या विरोधात मांडला गेला. मला त्यातून दुसरंच दिसलं: हातावर काहीतरी टेकवल्यासारखं नाममात्र देणं सर्वांत वाईट. द्यायचं तर त्या तासाची किंमत राखेल इतकं द्यावं.

तूर्त विनामानधन बघू, असं ठरलं. आवाहनाला प्रतिसाद भरघोस आला, पण यादी वाचल्यावर माझा जीव खाली-वर झाला. बहुतेक सगळे निवृत्त, जुने, संगणकावर हात बसलेले. नोकरी करून रात्री वाचणारे, घरी लहान मूल असलेले, नुकतेच रुजू झालेले जवळपास कुणीच नाही. आमच्या क्षेत्रात वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांचा हिशेब सर्रास सांगितला जातो की ५ जणांबरोबर चाचणी केली तरी सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. पण पाचही जण एकाच मुशीतले असतील तर सापडतात त्या त्यांच्याच अडचणी. विनामानधन संशोधन फुकट पडतं असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगत राहिले: त्याची किंमत न आलेली माणसं मोजतात, कारण सॉफ्टवेअर त्यांना न विचारता तयार होतं.

शेवटी समितीला पटली ती एक साधी विभागणी. स्वयंसेवक आपणहून एखादी चूक कळवतो, सुचवणी लिहून पाठवतो, ते त्याच्या सेवेचाच भाग. त्याला मानधन नाही. पण वेळ आम्ही ठरवली, बोलावणं आम्ही धाडलं, त्याचा स्क्रीन आम्ही रेकॉर्ड केला, तर तो तास आमच्या कामाचा. त्या तासाला समोर बसलेल्या मला पगार, डिझाइन करणाऱ्याला पगार, आणि ज्याच्या बोलण्यावर आम्हा दोघांचं काम उभं त्यालाच काही नाही, हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

मंजुरीनंतर खरी दगदग सुरू झाली. हिशेब विभागाला प्रत्येकाचं नाव, सही आणि ओळखपत्र हवं. माझ्या संमतीपत्रात मात्र नाव गुप्त राहील असा शब्द. पैशांची यादी आणि मुलाखतींच्या नोंदी पूर्णपणे वेगळ्या ठेवायच्या, एकीवरून दुसरी जुळवता येऊ नये, असा तोडगा निघाला. काही जणांना नोकरीच्या नियमांमुळे बाहेरून पैसे घेता येत नाहीत. त्यांना नकाराची मोकळीक दिली. रक्कम प्रकल्पालाच दान करण्याचा पर्याय अर्जात सगळ्यात वर ठेवावा, अशी एक सूचना होती. मी ठाम विरोध केला. संस्थेच्या माणसासमोर बसून 'दान नको, मला द्या' असं म्हणणं गरजवंताला किती जड जातं! पैसे आधी हातात पडू देत. नंतर कुणाला दान करावंसं वाटलं तर मार्ग खुला आहेच.

रक्कम कधी द्यायची यावरही बरीच चर्चा झाली. औषधांच्या चाचण्यांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं मार्गदर्शन असं की मोबदला संपूर्ण अभ्यास पुरा करण्याच्या अटीवर अडकवू नये. आमची चाचणी निरुपद्रवी, पण तत्त्व तेच. म्हणून मी मानधन सुरुवातीलाच देते आणि म्हणते, "हे तुमच्या वेळेचे, मताचे नाहीत. काही आवडलं नाही तर तसंच सांगा. मध्येच उठून गेलात तरी पैसे तुमचेच." हे ऐकल्यावर बरेच जण खुर्चीत जरा सैलावून बसतात. पैसे दिले की लोक गोड बोलतात, हा आक्षेप मला तरी खरा ठरलेला दिसला नाही.

मानधनाच्या फेरीत आलेली एक बाई तासावर काम करणारी होती; त्या वेळेची मजुरी बुडवून ती एरवी आलीच नसती. तिने कीबोर्डशेजारी एक वही उघडून ठेवली. फाइल चढवली की वहीत प्रकरणाचा क्रमांक लिहायचा, सॉफ्टवेअरमधून बाहेर पडायचं, पुन्हा आत यायचं, फाइल यादीत दिसली की क्रमांकापुढे बरोबरची खूण. कारण फाइल पोहोचल्याचा निरोप स्क्रीनवर कुठेच येत नव्हता. हिरवी पट्टी भरायची आणि गायब व्हायची. जुन्या मंडळींना हे कधी खटकलं नव्हतं. शंका आली की ते समन्वयकाला फोन करत. तिच्याकडे कुणाचाच नंबर नव्हता. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पहिला बदल तोच झाला.

पैसे आहेत म्हटल्यावर एक पानही न वाचलेले काही जण यादीत घुसू बघत होते. आता उघड जाहिरात न करता नोंदणीतल्याच स्वयंसेवकांना थेट पत्र जातं, आणि पात्रतेचे प्रश्न असे विचारतो की हवं ते उत्तर प्रश्नातून कळू नये.

त्या ज्येष्ठ बाई आजही मानधन घेत नाहीत, आणि येतात. वाद उरलाय तो दहा मिनिटांच्या प्रश्नावलीचा. समितीला वाटतं, एवढ्याशा वेळेचं काय द्यायचं; माझं म्हणणं, दहा मिनिटं वर्षातून एकदा मागितली तर ठीक, दर महिन्याला मागायची असतील तर तीही हिशेबात धरायला हवीत. पुढच्या बैठकीत मी तसा ठराव मांडणार आहे.