लेकीला गृहपाठ नाही आणि नौपाड्यात सगळ्यांना काळजी

सुट्टीला ठाण्यात आलोय आणि आल्यापासून एकच प्रश्न, "हिला लिहायला येतं का रे?" आत्याने विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, वहिनीने तर पुतण्याची वहीच आणून दाखवली, 1 ते 100 आकडे, पानंच्या पानं. तो सिनियर केजीत आहे, माझी लेक त्याच्याच वयाची. नेदरलँड्समध्ये चौथा वाढदिवस झाला की मुलं शाळेत जायला लागतात, पण पहिली दोन वर्षं वाळू, ठोकळे, गाणी, गोष्टी. रीतसर वाचन-लेखन साधारण सहाव्या वर्षी. तिला गृहपाठ अजिबात नाही.

आत्याला खरंच वाटतंय की पोरीचं नुकसान होतंय, आणि त्यात तिची माया आहे, म्हणून हे नीट सांगावंसं वाटतं.

पालकभेटीत मी टीचरला विचारलं होतं की घरी काय करून घेऊ, वाटलं वर्कशीट देतील. ती म्हणाली, तुमच्या भाषेत रोज गोष्ट वाचा, भरपूर बोला, घरातल्या कामात तिला सोबत घ्या, डचचं आम्ही बघतो. परक्या देशात कुणीतरी आपल्याला सांगतंय की घरी मराठीच बोला! मला भरून आलं.

मग आमचा अभ्यास काय? सध्या आईने कडवे वाल भिजवून मोड आणलेत आणि आजी-नात सोलत बसतात. चिमटीत वाल धरायचा, अंगठ्याने हलकेच दाबायचा, डाळिंबी सुटली पाहिजे पण तुटली नाही पाहिजे. पेन्सिल धरायला बोटांत जी ताकद आणि जो ताबा लागतो तो असाच येतो, पाच वर्षांच्या हाताकडून शंभर आकडे गिरवून घेतले तर फक्त हात दुखतो. सालं एकीकडे, अख्ख्या डाळिंब्या दुसरीकडे, तुटलेल्या तिसरीकडे, म्हणजे वर्गीकरण आलंच. मधेच आजी विचारते, एवढेसे वाल होते ते इतके कसे फुगले गं? लेक काहीतरी अंदाज सांगते, मग स्वतःच बदलते, मग रात्री दोन वाल वाटीत भिजत घालून सकाळी उठल्या उठल्या बघायला धावते. संध्याकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी, सातापासून एकापर्यंत, दर ओळीला एक ठिपका कमी. जांभळी नाक्याला भाजी घेताना दोन पाव म्हणजे अर्धा किलो हे तिने स्वतः शोधून काढलं, आम्ही कुणी शिकवलं नाही.

आणि हे युरोपचं शहाणपण नाहीये हो. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला, दोन्ही तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात, पालघर वेगळा झाला 2014 ला. पानं, बिया, खडे, शिंपले हेच त्यांचं साहित्य. अंगणवाडी ही कल्पना तिथूनच आली. शिवाय 2018 मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं होतं की पहिली-दुसरीला गृहपाठ नको आणि दप्तर दीड किलोच्या वर नको. मग त्याहून लहान पोराला हे वह्या भरणं कशाला? याचा मला राग येतो. वहिनीवर नाही, ती अंधेरीहून लोकलचे धक्के खाऊन येते आणि जेवणाआधी त्याचा हात धरून गिरवून घेते, तिला कुणी विचारलंय का?

तिकडे सगळं उत्तम आहे असंही नाही. 2022 च्या पिसा (PISA) या आंतरराष्ट्रीय चाचणीत 15 वर्षांच्या डच मुलांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलं वाचनात किमान पातळीच्या खाली होती. बारा वर्षांच्या आसपास मुलांना वेगवेगळ्या पातळीच्या शिक्षणात वाटून टाकतात, ते मला आजही पटत नाही. म्हणून वाचनाचं मी शाळेवर सोडलेलं नाही, रात्रीची मराठी गोष्ट चुकवायची नाही म्हणजे नाही. तिथल्या लायब्ररीत मुलांना वर्गणी नसते याचं कौतुक आहेच, पण आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासूनचं आहे, ठाण्यात राहून पोरांना तिथे एकदाही न नेणं मला बघवत नाही. उद्या दोघांना घेऊन जातोय.

वहिनीला केंद्राच्या त्या गृहपाठाबद्दलच्या सूचना वाचायला दिल्यात. पुढच्या पॅरेंट्स मीटिंगला विचारते म्हणाली.