सेन्सर नवा, आकडा जुनाच

गाडी गार असताना पहिल्या सेल्फला सुरू व्हायची. पण थोडी चालवून बंद केली आणि पाच-दहा मिनिटांनी सेल्फ मारला की नुसती घरघर, आणि कशीबशी सुरू झाली की पेट्रोलचा भपकारा. ॲव्हरेजही घसरलेलं. चेक इंजिनचा लाइट बंद, स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही.

आधीच्या गॅरेजने प्लग बदलले होते, इंजेक्टर साफ केले होते आणि कूलंट टेम्परेचर सेन्सर (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान सांगणारा) चक्क दोनदा बदलला होता. पहिला नवाच खराब निघाला, असं गिऱ्हाइकाला सांगितलेलं. पार्ट बदलून बघण्यालाच आमच्या धंद्यात हल्ली दुरुस्ती म्हणतात.

कोड नाही म्हटलं की बरेच मेकॅनिक स्कॅनर काढून ठेवतात. मी गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन ऑन करून दोन आकडे पाहिले: आत येणारी हवा 28 अंश, कूलंट 25. रात्रभर थांबलेल्या गाडीत हे दोन्ही जवळपास सारखे हवेत, पण एवढ्याशा फरकावर कोण अडून बसतं? मग इंजिन चांगलं तापू दिलं. थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर 90 च्या आसपास. डॅशबोर्डचा काटा मध्यावर. स्कॅनर मात्र म्हणतोय 60!

या गाडीत काट्याचा सेन्सर वेगळा आणि फॅनचा स्विच वेगळा, त्यामुळे चालवणाऱ्याला संशय यायचं कारणच नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, मात्र इंजिन अजून कोमट वाटतंय, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर कुरकुर करतो, मग ईसीयूच ते जास्तीचं पेट्रोल कापतो. ही काटछाट दाखवणारा आकडा, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, उणे 18 टक्क्यांवर गेलेला. चालत्या गाडीत असं निभावतं. सेल्फ मारताना ऑक्सिजन सेन्सरला कुणी विचारत नाही, तिथे सगळा हवाला तापमानावर. गरम इंजिनात नको तेवढं पेट्रोल पडतं आणि प्लग भिजतात.

लाइट लागेल कशाला? वायर तुटली किंवा शॉर्ट झाली, व्होल्टेज 5 ला किंवा शून्याला टेकलं, तर हा ईसीयू कोड टाकतो. 60 हा अगदी पटण्यासारखा आकडा आहे.

हा सेन्सर तापला की त्याचे ओहम कमी होतात, आणि त्यावरूनच ईसीयू तापमान ओळखतो. सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) काढला, स्कॅनर उणे 40 वर गेला. बरोबर. सेन्सर मल्टिमीटरवर मोजला, गरम इंजिनावर साधारण अडीचशे ओहम. चोख. मग हार्नेसच्या, म्हणजे वायरच्या जुडग्याच्या, बाजूच्या कपलरची दोन्ही टर्मिनल जंपरने जोडली. आकडा 130 च्या पुढे जायला हवा. तो 78 वर जाऊन थांबला.

‘‘दादा, सेन्सर तर लावलेलाच नाही, मग 78 कुठून?’’ पोराने विचारलं. प्रश्न नेमका होता. वायरमध्येच साडेतीनशेच्या आसपास ओहम अडकले होते. गार सेन्सर दोन हजार ओहमचा, त्यात साडेतीनशेची भर पडली तर तीन-चार अंशांचा फरक. गरम सेन्सर अडीचशेचा, तिथे तेवढीच भर 30 अंश खाते. म्हणून सकाळी सगळं ठीक दिसत होतं.

टर्मिनल वायरवर दाबून बसवतात त्या क्रिंपमागचं इन्सुलेशन चिरलं तर आत तांब्याची हिरवी भुकटी. स्वच्छ तांबं लागेपर्यंत वायर कापली आणि नवं टर्मिनल लावलं. ट्रिम उणे 2 वर आला, गरम गाडी एका सेल्फला सुरू.

बिल बघून गिऱ्हाईक म्हणालं, ‘‘पार्ट तर काहीच घातला नाही तुम्ही!’’ दोन फुकट सेन्सरचे पैसे त्यांनी निमूट भरले होते. ऑइल मोजायच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता म्हणून ऑइल बदलायला सांगितलं, तेही त्यांना बिल वाढवणं वाटलं.

मला अजून एक उलगडत नाही. असा गंज गाडीच्या हादऱ्याने हलतो, आकडा मधेच उडी मारतो, आणि त्यावरून चोर सापडतो. इथे खड्ड्यातून चालवून पाहिली, हार्नेस हाताने हलवून पाहिला, तरी आकडा जागचा हलला नाही. गंजलेली तार इतकी स्थिर कशी राहिली?