वीस माणसं, एक टाकी आणि समुद्र

कोकणात जायचं ठरलं की घरच्या ग्रुपवर आधी फोटो येतात. झोपाळा, माड, मागे निळं पाणी. फोटो बघून घर ठरतं आणि तिथंच चुकतं. चौघांना चालणारं घर आणि वीस जणांना पुरणारं घर फोटोत सारखंच दिसतं. खरा फरक टाकीत, संडासांच्या संख्येत आणि शेवटच्या अर्ध्या किलोमीटरच्या रस्त्यात असतो. एकांत हवाच. आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे एकत्र बसणार तर शेजारच्या खोलीत परक्यांचा स्पीकर नको. पण हा एकांत गर्दीपासून हवा, पाणी आणि डॉक्टर त्यात दूर जायला नकोत.

सोलापूरच्या माणसाला पाण्याचा हिशोब शिकवावा लागत नाही, तरी समुद्र दिसला की आपण तो विसरतो. माणशी सकाळची आंघोळ तीस-चाळीस लिटर. समुद्रातून आल्यावर खारट अंग आणि वाळू धुवायला आणखी दोन बादल्या, म्हणजे चाळीस लिटर. फ्लश, भांडी, कपडे धरले की रोजचं माणशी दीडशे ते दोनशे लिटर होतं. वीस जणांना तीन ते चार हजार लिटर. आता संध्याकाळी सातची वेळ डोळ्यासमोर आणा. सूर्य बुडाला, अंधार पडला, वीसच्या वीस जण एकदम परत आले. पहिल्या तासातच आठशे लिटर जातं. गच्चीवर हजार लिटरची एकच टाकी असेल आणि ती दुपारी भरलेली नसेल, तर शेवटच्या दोघांच्या डोक्यात शॅम्पू असताना नळ फुसफुसतो. तेवढ्यात वीज गेली तर पंप चालत नाही, कारण घरगुती इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, पंप नाही.

म्हणून मालकाला ‘पाणी आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘भरपूर आहे’ असंच येणार. टाक्या किती आणि केवढ्या, विहीर की बोअर, जनरेटर आहे का, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का, असं विचारा. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतं. त्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजायला वेळ लागतो. पिण्यासाठी वीस लिटरचे तीन-चार जार रोज लागतील. आडबाजूच्या वाडीत जारवाला रोज येतोच असं नाही, म्हणून ते आधी सांगून ठेवायचे.

पाण्यापाठोपाठ संडास. पाच माणसांमागे एक हे प्रमाण धरा, वीस जणांना चार. त्यातला एक तरी तळमजल्यावर, कमोडचा आणि आजीच्या खोलीला लागून हवा. ‘प्रत्येक खोलीला जोडून’ असं लिहिलेलं असतं, पण खोल्या तीनच असतात आणि उरलेल्या आठ जणांच्या गाद्या हॉलमध्ये पडतात. त्या आठांनी सकाळी कुठं जायचं, हा प्रश्न बुकिंगच्या वेळी कुणी विचारत नाही. आणि अंगणात नळ हवाच, शक्यतो पाय धुवायच्या फरशीसकट. वाळू घरातल्या न्हाणीत गेली की जाळीखाली साठते आणि दुसऱ्या दिवशी पाणी तुंबतं. बाहेर नळ नसलेलं घर मी मोठ्या कुटुंबासाठी घेणार नाही, समुद्र कितीही जवळ असो.

समुद्र किती जवळ हवा, याबद्दलही माझं मत थोडं वेगळं आहे. वाळूवरच असलेलं घर फोटोत छान दिसतं, पण खारा वारा आणि रात्रभरची गाज थेट अंगावर येते. कड्या गंजून अडकतात, लाकडी दारं फुगतात, उशांना कुबट वास येतो. शिवाय किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून लागू आहेत. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला सहसा परवानगी मिळत नाही. दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी ही मर्यादा ५० मीटरवर आणायची तरतूद २०१९ च्या अधिसूचनेत आहे. जुनं राहतं घर असेल तर गोष्ट वेगळी, पण नवा कोरा बंगला वाळूला चिकटून असेल तर परवानगीचं विचारून घ्यावं. सुरूच्या बनामागे, किनाऱ्यापासून दोनशे-तीनशे मीटरवरचं घर सगळ्यात बरं. पाच मिनिटांत पाण्यावर पोचता येतं, वारा गाळून येतो आणि दुपारी अंगणात सावली असते. मात्र हे अंतर स्वतः उपग्रह नकाशावर मोजा, आणि नुसतं सरळ रेषेत नको. मध्ये खाडीचा फाटा, कुणाची बाग किंवा चिऱ्याचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडाची कुंपणभिंत, असेल तर दोनशे मीटरचे हजार होतात.

रस्त्याचंही तसंच. सोलापूरहून रत्नागिरी ते मालवण हा पट्टा साधारण साडेतीनशे ते चारशे किलोमीटर आहे. मोठी गाडी, मुलं, म्हातारी माणसं आणि थांबे धरून नऊ-दहा तास लागतातच. मंगळवेढा-सांगोला-मिरज-कोल्हापूर असं जाणारा रत्नागिरी महामार्ग धरावा. पुढे रत्नागिरीकडे आंबा घाट, कणकवलीकडे राधानगरीवरून फोंडा घाट. गगनबावड्याखालचा करूळ घाट आणि पावसाळ्यातला कुठलाही घाट चालू आहे ना, हे निघायच्या आदल्या दिवशी कोल्हापूरच्या कुणाला तरी विचारावं. पहाटे चारला निघालं तर नाश्ता कोल्हापुरात होतो आणि घाट उजेडात उतरतो. मुलांना घाटाआधी मिसळ नको, इडली किंवा केळं द्या. दिवाळीच्या सुट्टीत निघणार असाल तर पंढरपूरमार्गे जाऊ नका, कारण कार्तिकी एकादशी नेमकी त्याच सुट्टीत येते.

महामार्ग संपल्यावरची शेवटची वाट जास्त अवघड. कोकणातल्या वाड्यांमधल्या गल्ल्या दोन्ही बाजूंनी गडग्यांमध्ये आवळलेल्या असतात. कारला जमतं, टेंपो ट्रॅव्हलर वळणावर अडकते, वरून विजेच्या तारा आणि फणसाच्या फांद्या. कधी घरापर्यंत रस्ताच नसतो, पाखाडी असते, म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या पन्नास पायऱ्या दिवसातून चार वेळा चढवायच्या का, याचा विचार आधीच व्हावा. मालकाला सांगायचं, ‘दादा, डांबरी रस्त्यापासून दारापर्यंत आणि दारापासून पाण्यापर्यंत चालत एक व्हिडिओ काढून पाठवा.’ जो पाठवतो त्याच्याशी पुढचं बोलावं. व्हिडिओ नाही, व्हिडिओ कॉल नाही, आणि निम्मे पैसे आधी मागतो, तर ते घर सोडून द्यावं. खोट्या जाहिराती टाकून पैसे उकळणारे सुट्टीच्या तोंडावर असतातच.

आता हवा. सोलापूरचा मे कोरडा असतो, चाळीसच्या वर पारा गेला तरी घाम वाळतो. कोकणात पारा तेहतीस-चौतीसच असतो, पण घाम वाळत नाही, आणि आपल्याकडच्यांना पहिल्या रात्री तेच झेपत नाही. ‘कूलर आहे’ असं कुणी सांगितलं तर ती सोय धरू नका. कूलर कोरड्या हवेत गारवा देतो, दमट हवेत नुसता ओलावा वाढवतो. पंखे, समोरासमोर खिडक्या, खिडक्यांना मच्छरजाळी आणि इन्व्हर्टर बघा. कौलारू माडी चालेल, पत्र्याखालची माडी एप्रिल-मेमध्ये नको. आपल्याकडचे सगळे किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत, त्यामुळे समुद्राकडच्या खोल्या दुपारी तापतात. त्या मुलांना द्याव्यात, म्हाताऱ्यांना पूर्वेकडच्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातही नाताळ ते एक जानेवारी भाडं चढतं. माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात सोयीचा काळ जानेवारीतली, संक्रांतीच्या वेळची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकल्यानंतरचा. बाहेरगावचे नातेवाईक सोलापुरात जमलेले असतात आणि किनाऱ्यावरची गर्दी उतरलेली असते. मे अखेरपासून समुद्र खवळायला लागतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते, म्हणजे समुद्रही नाही आणि ताजी मासळीही जेमतेम.

तारीख ठरवताना दिनदर्शिकेत तिथी बघा. किनाऱ्यावरचे लोक वापरतात तो हिशोब साधा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भरतीपासून ओहोटी साधारण सहा तासांनी, आणि वेळ रोज पन्नासएक मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, चढउतार कमी. पौर्णिमेच्या दुपारी पाणी जोरात मागे जात असतं आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी होते. वाळूचा पट्टा रुंद आणि फिरायला सुंदर, पण मुलांना पाण्यात सोडायची ती वेळ नाही. अष्टमीच्या संध्याकाळी पाणी हळूहळू वर येत असतं, कडेला बसून खेळायला तीच बरी. चांदणं हवं की पोहणं हवं, हे आधी घरात बोलून घ्यावं.

हे एवढ्यासाठी सांगतो की एकांत किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो. विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या मुलांना समुद्र सोपा वाटतो, कारण खारट पाण्यात अंग हलकं होतं. धोका ओढीचा असतो. लाटा सगळीकडे फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत आणि गडद दिसतो, तिथूनच पाणी परत आत जात असतं. नवखा माणूस शांत म्हणून नेमका तिथंच उतरतो. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, दम लागतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला व्हायचं आणि मग बाहेर यायचं. खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यातही जाऊ नये. गावातला माणूस ‘इथं उतरू नका’ म्हणाला की तो शेवटचा शब्द समजा.

त्याच कारणानं मी निर्जन जागेपेक्षा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतलं शांत गाव निवडेन. गणपतीपुळ्याला देवदर्शन करून मुक्कामाला मालगुंडकडे सरकता येतं. पावसजवळचं गणेशगुळे शांत आहे आणि रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय आवाक्यात राहतं. मालवणच्या उत्तरेला तोंडवळी-तळाशीलची चिंचोळी पट्टी आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी. तारकर्ली-देवबागपेक्षा तिथं निवांत वाटतं. घर ठरवताना दोन गोष्टी विचारा: जवळचं सरकारी रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि तिथं सर्पदंशावरचं प्रतिविष (विष उतरवणारं इंजेक्शन) असतं का. अंगणात मोबाइलला रेंज कुठल्या कंपनीची येते, हेही. १०८ लावायला रेंज लागतेच.

माडाखाली खाट टाकायची नाही, गाडीही लावायची नाही. नारळ पडताना आवाज करत नाही.

जेवण घरमालकांकडूनच घ्यावं, पण आकडा आदल्या दिवशी द्यावा. शाकाहारी किती, मासे खाणारे किती, मुलांची अर्धी ताटं किती. घरात कडक शाकाहारी असतील तर वेगळी भांडी आणि वेगळी चूल मिळेल का ते स्पष्ट विचारा. होकार असेल तरी एक कुकर आणि कढई बरोबर ठेवा. मासळीचा दर रोज बदलतो, तेव्हा ताटाचा भाव ठरवताना कुठला मासा हे ठरवून घ्यायचं. भाडं माणशी की पूर्ण घराचं, जादा गादीचे किती, मालकाचं कुटुंब त्याच घरात राहणार का, हे सगळं मेसेजवर लिहून घ्यावं, तोंडी नको.

सामानात एक बदल करा. जाड सोलापुरी चादर आणि जाड टॉवेल आपल्या अंगवळणी आहेत, पण कोकणात ते रात्रभर वाळत घातले तरी सकाळी ओलेच. समुद्रासाठी माणशी एक पातळ पंचा घ्या, तो दोन तासांत वाळतो. टॉवेल फक्त आंघोळीला. चादर डिसेंबर-जानेवारीत पांघरायला ठीक, वाळूत अंथरायला मात्र नेऊ नका. तिच्या विणीत वाळू शिरते आणि झटकून जात नाही.

आणि पहिल्या रात्रीचं जेवण बरोबर ठेवा. गाडीला घाटात उशीर झाला तर वाडीतली चूल नऊपर्यंत थांबेलच असं नाही. वीस जणांना साठ कडक भाकऱ्या, किलोभर शेंगा चटणी आणि कांदे. दही तिथं मिळालं तर मिळालं. भाकऱ्या मात्र डब्यातून पोचल्यावरच काढा, दमट हवेत अर्ध्या तासात त्यांचा कडकपणा जातो.