उलांडीची होडी

मालवणच्या किनाऱ्यावर वाळूत ओढून ठेवलेली पात नावाची छोटी होडी पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती अर्धवट राहिलेली वाटते. एका बाजूला होडी, दुसऱ्या बाजूला दोन वाकड्या काठ्यांच्या टोकांना बांधलेला एक ओंडका, असा हा तिरपागडा प्रकार आहे. त्या ओंडक्याला उलांडी म्हणतात. माझे आजोळ त्याच भागातले असल्यामुळे लहानपणी उलांडी नसलेली होडीच मला अपुरी वाटत असे.

पात इतकी अरुंद असते की उलांडीशिवाय ती पाण्यावर उभी राहणार नाही. होडी उलांडीच्या बाजूला कलली की ओंडका पाण्यात दाबला जाऊन तिला वर रेटतो, आणि विरुद्ध बाजूला कलली की त्याचेच वजन तिला खाली ओढते. म्हणून उलांडीला पांगाऱ्यासारखे हलके लाकूड घेतात, कारण जड लाकूड तरंगण्यापेक्षा ओझेच होईल. रुंद होडी बांधली असती तर उलांडी लागली नसती, हे खरे. पण रुंद होडी दोघांना वाळूवरून ओढता आली नसती आणि एकट्याला वल्हवताही आली नसती. किनाऱ्यालगत वावरी, म्हणजे मासे अडकवणारे जाळे, टाकायला किंवा गळाने मासे धरायला एवढीच होडी पुरते.

जुन्या होड्यांचा तळ आंब्याच्या एका खोडातून कोरलेला असे. होडी मोठी हवी असेल तर त्या तळावर फळ्या चढवत आणि त्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवत. हा मला या साऱ्या कारागिरीतला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. खाऱ्या पाण्यात लोखंडी खिळा गंजतो आणि आपल्याभोवतीचे लाकूडही खराब करतो. शिवण मात्र लाटेबरोबर थोडी सैल पडते, पुन्हा आवळते, त्यामुळे होडी वाळूवर आपटली तरी फळी सहसा फुटत नाही. अर्थात काथ्या कुजतो आणि ठरावीक काळाने सारी शिवण उसवून पुन्हा घालावी लागते. लाकडाला काजूच्या टरफलाचे किंवा मोरीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, यकृताचे तेल चोपडत. त्या तेलाचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही.

रापणीची होडी याहून बरीच मोठी असते. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन ती समुद्रात अर्धवर्तुळ घेते, दुसरे टोक किनाऱ्याला आणते, आणि मग दोन्ही बाजूंनी कित्येक माणसे जाळे ओढतात. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात.

उत्तरेकडे, सातपाटी-वसईच्या बाजूला, हे चित्र बदलते. मुंबईजवळ उधाणाच्या भरती-ओहोटीत पाणी साडेचार मीटरांच्याही वर चढते-उतरते, तर मालवणला त्याच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय तिथला तळ चिखलाचा आणि मासळी बोंबलाची. प्रवाहात रोवलेल्या खुंटांना बांधलेली जड डोल, म्हणजे पिशवीसारखे जाळे, ओढून घ्यायला रुंद, सागवानी बोटच हवी. तिथे पात नेली तर ती एका डोलीच्या वजनानेच आडवी होईल.

आता बहुतेक छोट्या होड्या फायबरच्या झाल्या आहेत. साच्यात काचेच्या धाग्यांचे थर राळेने चिकटवून त्या बनतात. त्या कुजत नाहीत, हलक्या असतात, आणि लाकूड पोखरणारा समुद्री जीव (ज्याला किडा म्हणतात, पण जो खरे तर शिंपल्यांच्या कुळातला आहे) त्यांच्या वाटेला जात नाही. त्यांच्यामागे आठ-दहा अश्वशक्तीचे इंजिन सहज टांगता येते. याबद्दल हळहळणाऱ्यांपैकी मी नाही. दर पावसाळ्याआधी होडी वर ओढून, तिची डागडुजी करून, ती माडाच्या झापांनी शाकारण्याचे कष्ट ज्यांनी उपसले, त्यांना फायबर नकोसे का वाटावे? माझी तक्रार एवढीच की मोडकी लाकडी होडी निदान चुलीत जाते, आणि फुटलेली फायबरची होडी माडांखाली वर्षानुवर्षे तशीच पडून राहते.

गेल्या हिवाळ्यात मी अशीच एक नवी, पांढरीशुभ्र फायबरची पात पाहिली. तिची उलांडी मात्र लाकडाचीच होती, फक्त काथ्याऐवजी निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेली.