गावभागातला चारिझार्ड

माझ्या आतेभावाचे घर सांगलीच्या गावभागात आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्याच्या तळमजल्यात शिरले, तेव्हा माळ्यावर ठेवलेला त्याचा लहानपणीचा अल्बम भिजण्यापासून वाचला. दमटपणापासून मात्र वाचला नाही. त्यात २००० साली त्याच्या मामांनी अमेरिकेहून आणलेली पोकेमॉनची कार्डे आहेत. त्यातल्या चारिझार्ड या आग ओकणाऱ्या, ड्रॅगनसारख्या पात्राचे कार्ड लाखो रुपयांना विकले गेल्याचे वाचून गेल्या महिन्यात तो अल्बम घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, याचे किती येतील?"

किमतीचा प्रश्न मी बाजूला ठेवला, कारण कार्ड नेमके कोणते हे ठरल्याशिवाय किमतीला अर्थ नसतो. ज्या चारिझार्डचा एवढा बोलबाला आहे, तो विझार्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन कंपनीने १९९९ मध्ये इंग्रजीत काढलेल्या १०२ कार्डांच्या बेस सेट या पहिल्या संचातला असून त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ४/१०२ असा क्रमांक असतो. त्यातही चित्राच्या डाव्या बाजूला खाली फर्स्ट एडिशनचा, म्हणजे पहिल्या आवृत्तीचा, शिक्का असलेले कार्ड सर्वांत मौल्यवान. त्याखालोखाल शिक्का नसलेले, पण चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला सावलीही नसलेले. आणि मग सावली असलेले नेहमीचे. अल्बममधल्या आमच्या चारिझार्डवर क्रमांक होता ४/१३०. म्हणजे हा २००० सालचा बेस सेट २, ज्यात आधीची निवडक कार्डे पुन्हा छापली गेली. चित्र तेच, मित्सुहिरो अरिता यांचे. पण या संचाची फर्स्ट एडिशन कधी निघालीच नाही. भावाचा चेहरा उतरला, आणि मलाही वाईट वाटले.

कार्ड अस्सल होते. भिंगाखाली बारीक अक्षरे कडेला न फुटता स्वच्छ दिसत होती, आणि मागून टॉर्च धरल्यावर माझ्याकडच्या त्याच काळातल्या खात्रीच्या कार्डाइतकाच उजेड आरपार येत होता.

खरा घोळ अवस्थेचा होता. चमकदार कार्डात कागदाला धातूसारख्या पातळ थराची जोड असते. दमट हवेत कागद फुगतो, तो थर फुगत नाही, आणि कार्ड धनुष्यासारखे वाकते. आमचे तसेच वाकले होते, शिवाय मागच्या दोन कडांचा निळा रंग उडून पांढरे दिसत होते. कापड घालून इस्त्री फिरवावी, असे भावाच्या मनात होते. मी त्याला कळकळीने थांबवले. कार्डे तपासणाऱ्या पीएसएसारख्या संस्था कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई कार्डाच्या मधोमध आहे का हे पाहून १ ते १० असा दर्जा देतात, आणि दाबून, कापून किंवा रंगवून सुधारलेले कार्ड ओळखू आले तर त्याला अंकच मिळत नाही. नऊ आणि दहा यांच्या भावातही कित्येक पटींचा फरक पडू शकतो. आमचे कार्ड त्या पंक्तीत बसणारे नव्हते.

भाव पाहताना आम्ही ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर विक्रेत्यांनी मागितलेल्या रकमा सोडून दिल्या आणि प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, त्याच क्रमांकाच्या आणि तशाच वाकलेल्या, घासलेल्या कार्डांचे व्यवहार तेवढे पाहिले. लाखांची गोष्ट तिथेच संपली. परदेशी पाठवून दर्जा ठरवून घेण्याचा खर्च या कार्डावर करू नये, असे माझे स्पष्ट मत पडले.

विकायचे नाही, असे भावाने ठरवले. कार्ड आता स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पाकिटात घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात आहे. अल्बममधली बाकीची कार्डे पुढच्या रविवारी पाहायची आहेत.